पायी कुणी ओलांडत नाही

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारी काठीवाल्या आजी आणि पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ. गृहस्थ आजींना सांगत होते.

"आजी, बाहेरचा सिग्नल पाहिलात? माझं काम आहे ते. आता गाड्या अडतच नाहीत."

"पाहिला की. पूर्वी तिथे चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा लागायचा."

"तो काढला. आठवडाभर कॅमेरे लावून मोजलं. पायी कुणी रस्ता ओलांडतच नाही."

"बारा सेकंदांत कोण ओलांडणार? अर्ध्यात पोचेपर्यंत गाड्या अंगावर यायच्या. मग आम्ही टॅक्सी करायला लागलो."

"समोर जायला टॅक्सी?"

"पुढच्या चौकातून वळून येते. आमच्या बिल्डिंगमधले सगळे म्हातारे तसंच करतात. तुमच्या मोजणीत आल्या असतील ना त्या टॅक्स्या?"

"आल्या ना! गाड्या वाढल्या, म्हणून तर गाड्यांचा हिरवा वाढवला."

"हुशार आहात हो."

"थँक्यू, आजी."

"या पायाने घरी कसे जाणार?"

"टॅक्सी बोलावलीय."

"लांब राहता?"

"छे हो. हे काय, समोरच."

"मग थांबा, एकाच टॅक्सीत जाऊ. तेवढीच तुमच्या मोजणीत एक गाडी कमी."