ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी

कोरियातल्या तोंगयंग बंदरावरच्या दवाखान्यात माझा नंबर यायला वेळ होता. समोर मायलेकी बसल्या होत्या. आईच्या बोटाला फडकं गुंडाळलेलं, लेकीच्या मांडीवर फिकट पिवळी रजई.

"मशीनची सुई नखातून आरपार गेली, आणि तू म्हणतेस, घरीच पट्टी बांधते."

"आपल्या गल्लीत रजया शिवणाऱ्या एकीचं तरी नख धड आहे का, दाखव. ती रजई इकडे दे. वाळायच्या आत डागाला थुंकी लावते."

"मी लावली टॅक्सीत. उलट पसरला."

"तुझी कशी चालेल, सेही? ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी लागते. शिवणारणीच्या घरात वाढलीस आणि एवढं ठाऊक नाही?"

"काहीतरीच तुझं."

"काहीतरीच नाही. साबणानं जात नाही तो डाग आपल्या थुंकीनं जातो."

"मग आजीनं शिवलेल्या रजईवरचा का नाही काढलास? रोज तर पांघरतेस."

"तो आजीच्या रक्ताचा. ती गेल्यावर माझ्या नजरेस पडला."

लेकीनं मांडीवरची रजई जवळ ओढली.

"मीही तुझ्यासारखीच थुंकी लावून बघितली होती तेव्हा. पसरला नुसता."

नर्सनं दारातून हाक मारली, "ओक्रिमबाई, आत या."

"आण ती रजई. तुझ्या लग्नाची आहे, डाग बरा दिसत नाही."

"आधी बोट दाखवून ये."

"अगं, तोवर वाळेल तो."

"वाळू दे, आई."