मध्यंतरापर्यंत

— नाही हो, उठू नका तुम्ही, नुसते पाय जरा आत घ्या, मी जाईन कडेनं — पॉपकॉर्न सांडेल तुमचं. जातोच आहे मी. इंटरव्हल झाला की मी घरी जातो, हेच सांगत होतो ना मघाशी — तर तो गेल्या महिन्यातला खुनाचा पिक्चर, तुम्ही बघितलाय म्हणालात. खून ड्रायव्हरनंच केला, हो की नाही? नाही? अहो, मग तो हातमोजे कशाला लपवत होता डिकीत? उगाच? — थांबा, थांबा, कोणी केला ते नका सांगू. आमच्या घरी ड्रायव्हरनं केलाय, तसं ठरून गेलंय, आता बदलता येणार नाही. पिक्चर मात्र झकास होता, माझं मत विचाराल तर. त्या वकीलबाईंचं काम छान. तो भुताचा होता ना, त्यात काही दम नव्हता — नुसतं दार करकरतंय, नळ टपकतोय, मांजर अंगावर उडी मारतंय, भुताचा पत्ताच नाही. काय? इंटरव्हलनंतर येतं? येत असेल. माझ्या वाट्याला दारच आलं. आणि तो प्रेमाचा, दोघं बोटीवर भेटतात तो, तो मला फार आवडला. सगळं कसं छान चाललं होतं त्यांचं. लोक रडत बाहेर पडले म्हणे. का रडले? — असू दे, असू दे.

तुम्ही हसताय, पण खरंच सांगतो, आमची ही अंथरुणाला खिळल्यापासून मी एकाही पिक्चरचा शेवट बघितलेला नाही. अर्धं अंग गेलंय तिचं, उजवी बाजू. खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी त्या तिच्याजवळ बसतात, पण त्यांनाही घर आहे, पोरं शाळेतून येतात — म्हणून मी इंटरव्हलला सुटतो आणि धावत घर गाठतो. पिक्चरची हौस मला नाही हं, कधीच नव्हती. मी मोटारी भरणारा माणूस. पंख्याची, पंपाची मोटार जळली की लोक माझ्याकडे आणतात — जुनी तार काढायची, नवी गुंडाळायची — आता तर ते काम मी घरीच करतो, तिच्या पलंगाशेजारी टेबल टाकलंय. वेढे मोजताना चुकलो की ती डाव्या हाताचं बोट वर करते, एवढं लक्ष असतं तिचं. हौस सगळी तिची. पूर्वी मला ओढून आणायची आणि मी इथल्या गार हवेत घोरायचो, कोपरानं ढोसायची मला. आता तिला येता येत नाही, म्हणून मला पाठवते. जा, बघा, येऊन सांगा. आणि हे सगळं म्हणते कशी? म्हणत नाही, मीच समजायचं. शब्द फार उरलेले नाहीत हो तिच्याजवळ, दादा. "पाणी" म्हणते, "नको" म्हणते, आणि "मग?" म्हणते. "मग?" म्हणजे पुढं काय झालं? — तो एक शब्द अगदी स्वच्छ येतो तिला, जसा पूर्वी यायचा तसा.

आता मला सांगा, अर्धा पिक्चर बघून आलेला माणूस त्या "मग"ला काय उत्तर देणार? पिक्चरवाल्यांची खोडच अशी, इंटरव्हलच्या तोंडावर बरोबर गाडी दरीत लटकवायची. आणि मी आपला त्या माणसांना तसंच लटकत ठेवून घरी. वाटेत चालता चालता शेवट जुळवतो. पहिल्यांदा फार फजिती झाली, कोण कुणाचा भाऊ तेच विसरलो. आता हात बसलाय. माझ्या शेवटात कुणी मरत नाही. एकदा एका म्हाताऱ्याला मारलं मी, म्हटलं जरा खरं वाटू दे, तर ती रात्री जेवलीच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला शुद्धीवर आणावं लागलं. तेव्हापासून सगळे जगतात, सगळे घरी येतात, टेबलावर ताटं मांडलेली असतात. तो खुनी ड्रायव्हरसुद्धा सुधारला माझ्याकडे. ती हसते, अर्ध्या तोंडानं. कळत असणार हो तिला, न कळायला काय झालं, जन्मभर पिक्चर बघितलेली बाई. तरी विचारतेच. तुरुंगातून सुटून आल्यावर मग? नोकरी धरली त्यानं. मग? लग्न केलं. मग? — झोप लागेपर्यंत हे असं. कधीकधी हात जोडावेसे वाटतात. हातातलं तारेचं बंडल भिंतीवर आपटावंसं वाटतं. वाटतं की नाही माणसाला? तुम्हाला नसतं वाटलं?

आजचा हा बोगद्याचा बरा आहे. दगड खरे वाटतात. पण तो मुकादम, पाय अडकलेला, तो डोक्यात जातो माझ्या. "मला सोडा, तुम्ही जा!" प्रत्येक पिक्चरमध्ये असा एक असतोच बघा, आणि लोक टिपं गाळतात. तुमच्या पलीकडच्या बाई आत्ता डोळे पुसत होत्या. मला तर संताप येतो. अरे, तुला विचारलंय का कुणी? बाहेर पडून त्या माणसांनी करायचं काय, ते सांग की! जेवायचं? पाय ताणून झोपायचं? मोठेपणा याचा, आणि जन्मभराची बोच त्यांना — हो, हो, हळू बोलतो. लोक बघतायत. पाय घेता ना जरा? जायचंय मला.

नाही, आज घाई नाही तशी. आज तिची धाकटी बहीण आलीय. सकाळीच आली, कधी नव्हे ती, एरवी फोनवरच बोलते. आल्या आल्या म्हणाली, भावोजी, आज तुम्ही पूर्ण पिक्चर बघून या, मी आहे ना, हे घ्या तिकीट. आधीच काढून ठेवलेलं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू. आमची हीसुद्धा म्हणाली — "सगळा." म्हणजे सगळा बघून या. नवा शब्द. आजारपणात पहिल्यांदाच काढला तिनं, जीभ अडखळत अडखळत, पाठ केला असावा. बहिणीनं केस धुऊन वेणी घातली होती तिची. चष्म्याचं घर उशाशी. औषधांची पिशवी दाराशी — ती एरवी कपाटात असते. आणि चपला. चपला पुसून दाराशी ठेवलेल्या, जोडीनं. पलंगावरून न उठणाऱ्या बाईला चपला कशाला लागतात हो? मी तिथंच बसून बुटाच्या नाड्या बांधल्या. त्या चपलांच्या शेजारी. नीट गाठी मारल्या, आणि आलो.

गावाबाहेर एक जागा आहे, अशा माणसांना सांभाळतात तिथं. स्वच्छ आहे म्हणे, नर्स असतात, न्यायला गाडी पाठवतात. बहिणीनंच काढला होता तो विषय, फोनवर. मी नाहीच म्हटलं. नाही म्हटलं, पण त्याच्या आधी म्हटलं — मला आता होत नाही. एवढंच. स्वयंपाकघरात होतो, नळ सोडला होता मुद्दाम. बोलतो हो माणूस, दमलेला माणूस काहीही बोलतो, त्याचं काय धरून बसायचं? पण नळाचा आवाज तो कितीसा. त्या संध्याकाळी मी गोष्ट सांगायला बसलो तर ती "मग" म्हणालीच नाही, भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, झोप आली असेल — नाही, तसं नाही वाटलं. खरं सांगू? बरं वाटलं. एक संध्याकाळ सुटलो, असं वाटलं. हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? ओळख ना पाळख.

घंटा झाली का? लोक परत यायला लागले. म्हणजे दोघींनी मिळून ठरवलंय हे, माझ्यामागं. मी इथं शेवट बघत बसायचं आणि घरी जाईन तर पलंग रिकामा, चादरीची घडी घातलेली. मला नाही म्हणायला लागू नये, हो म्हणायला तर मुळीच लागू नये. मला सोडा, तुम्ही जा! तिला विचारलं होतं का कुणी? मला होत नाही म्हटलं मी, नको म्हटलं नव्हतं. आणि मी इथं बसलोय, दादा. सगळा इंटरव्हल बसून काढला. गाडी आलीही असेल एव्हाना. जिना अरुंद आहे आमचा, स्ट्रेचर वळत नाही, खुर्चीवर बसवून उतरवावं लागतं, आणि उजवीकडून धरावं लागतं, ती तिकडेच कलते — ते मलाच ठाऊक आहे फक्त. त्यांना कोण सांगणार? ती सांगणार? काय सांगणार, "पाणी"?

तुम्ही बघा शेवट. मला नको. सगळा बघून गेलो तर सांगू काय तिला, संपला म्हणून सांगू? मला अर्धाच हवाय. बोगद्यात माणसं अडकलीत, मुकादमाचा पाय दगडाखाली आहे, तो जा म्हणतोय आणि बाकीचे त्याच्याजवळून हलत नाहीयेत — एवढंच सांगायचं, जिन्यात गाठ पडली तर जिन्यात सांगायचं, तिच्या खुर्चीपुढं पायरीवर बसून, वाट अडवून. म्हणेल ना ती? सांगा की, म्हणेल ना "मग"? — गेले दिवे. श्श काय, श्श काय, जातोय मी, जातोय. अहो, तुम्ही पाय घ्या ना, किती वेळ सांगतोय — काय?

मघाशीच घेतलेत?

हो. दिसलं होतं मला.