वखारीमागचा रस्ता

लेक : पिशवी कुणाच्या घरची आहे ते आम्ही बघायचंच नसतं, बाबा. ताडपत्रीवर ओतायची, हाताने ओलं-सुकं वेगळं करायचं आणि वजन करायचं. घर कुठलं ते कुणी विचारत नाही.

बाबा : बरोबर आहे. दुसऱ्याच्या कचऱ्यात नाक खुपसू नये. पण मग ही सगळी उठाठेव कशासाठी?

लेक : मागे सांगितलं होतं मी. नवा भाग बघता बघता केवढा वाढलाय. लोक काय टाकतात, किती टाकतात हे कळल्याशिवाय पालिकेने कचऱ्याच्या गाड्या किती घ्यायच्या, वेगळं करायची शेड कुठे बांधायची, खताचे खड्डे केवढे खणायचे, काहीच ठरवता येत नाही. म्हणून काही गल्ल्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या आणि तिथल्या पिशव्या उघडून बघतोय.

बाबा : हं. सांगितलं असशील. चहा टाकतो.

लेक : नको, बसा ना. त्या चिठ्ठ्यांमध्ये तुमची गल्लीही निघाली.

बाबा : आमची? मग काय निघालं आमच्या गल्लीत? सोनं-नाणं?

लेक : दूध निघालं. न फोडलेल्या पिशव्या, फुगून टम्म झालेल्या. आणि पाव. कागदसुद्धा न काढलेले, हिरवे पडलेले. सगळं एकाच पिशवीत.

बाबा : लोकांना मस्ती आलीय.

लेक : आमच्या मुकादमबाईही तेच म्हणाल्या. मग म्हणाल्या, हा दुकानाचा माल असणार, घरच्या कचऱ्यात चुकून आला. ती पिशवी बाजूला काढावी की मोजावी, यावरच आमचा घोळ सुरू झाला. मोजली तर एक घर पाच-सहा माणसांचं धरलं जाणार. नाही मोजली तर हिशेब खोटा. सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले आणि मी पिशवीच्या तोंडाकडे बघत होते.

बाबा : का? तिथे काय होतं?

लेक : पिशवी कुशीतून फाटली होती, म्हणून आतलं दिसलं; तोंडाशी गाठ तशीच होती. सुतळीची. दोनदा फिरवून वर फास, ओढला की सुटणारा.

बाबा : अगं, आमचा निम्मा बस डेपो तशी गाठ मारायचा. पार्सलाला तीच मारावी लागते.

लेक : मीही मनाशी तेच म्हटलं. खरंच म्हटलं. म्हटलं, डेपोतली माणसं काय कमी आहेत या भागात?

बाबा : मग झालं तर.

लेक : नाही झालं. उरलेलं बाहेर काढायला गेल्या, तर मुकादमबाईंना ती गाठ सुटेना. मी सोडून दिली. एका बोटाने. तेव्हा त्या म्हणाल्या, मॅडम, तुम्हाला बरी सवय आहे. आणि मला तिथे उभं राहवेना, म्हणून तशीच निघून आले.

बाबा : अशीच आलीस? हात तरी धुतलेस का?

लेक : धुतले. बाबा, तुमची पिशवी होती का ती?

बाबा : असेल. त्यात एवढं काय? आई तुझी तिकडे दादाकडे बाळंतिणीजवळ. मला या घरच्या व्यवहाराची सवय नाही. दूधवाला कधी एक टाकतो, कधी दोन. एकटा माणूस पिणार किती?

लेक : दूधवाला आईने जातानाच बंद केला.

बाबा : बंद केला? हां, म्हणजे तसंच. दुकानातून आणतो मी. खाली गेलं की आणतो. एखादी जास्त येते.

लेक : मी बघू फ्रिज?

बाबा : बघ की. तुझंच घर आहे.

(ती आत जाते. थोड्या वेळाने परत येऊन त्याच्यासमोर बसते.)

लेक : आत पिशव्यांची रांग लागलीय, बाबा.

बाबा : मी म्हटलं ना, दूध भरपूर आहे. चहा टाकू का?

लेक : आज आणलंत का दूध?

बाबा : आज? सकाळी खाली गेलो होतो. म्हणजे पेपर आणायला. ठमे, तू मला चौकीत बसवल्यासारखं काय विचारतेयस?

लेक : मला काही कळत नाहीये, म्हणून विचारतेय. रागावू नका. परवापासून माझ्या डोक्यात सगळा गोंधळ झालाय. दुसरीही एक गोष्ट आहे. सांगू की नको, हेही कळत नाहीये.

बाबा : आता अर्धी जिभेवर आलीच आहे. सांग.

लेक : तुम्ही मला गाड्यांच्या फेऱ्या आखून दिल्यात ना, नव्या भागाच्या? परवा त्यांची चाचणी होती. रिकामी गाडी घेऊन ड्रायव्हर सगळ्या फेऱ्या करून आला. बहुतेक फेऱ्या इतक्या चोख होत्या की साहेबांनी दोनदा विचारलं, हे कुणी केलं म्हणून. कुठे चढ आहे, कुठे शाळा सुटते, कुठे वळताना मागचं चाक अडकतं, सगळं धरलेलं.

बाबा : आयुष्यभर वेळापत्रकंच केली, बाई. बसची काय आणि कचऱ्याची काय, फेरी ती फेरी.

लेक : पण एका फेरीत गाडी अडकली. पूर्वेच्या. ड्रायव्हरचा फोन आला. म्हणाला, मॅडम, तुमच्या नकाशात रस्ता आहे, इथे भिंत आहे. गल्ली एवढी अरुंद की गाडी वळेना. पूर्ण गल्ली उलट यावं लागलं त्याला, मागे शाळेच्या व्हॅन खोळंबलेल्या. लोक खिडक्यांतून ओरडत होते.

बाबा : भलत्याच गल्लीत घुसला असणार. पूर्वेची फेरी सरळ आहे. टाकीवरून खाली यायचं आणि लाकडाच्या वखारीमागून वळायचं. मोठा रस्ता आहे, दोन बस समोरासमोर जातात.

लेक : वखार नाहीये आता.

बाबा : नाही कशी?

लेक : तिथे मोठं संकुल झालंय. मागचा रस्ता त्यांच्या कंपाउंडमध्ये गेला. वखार पाडली तेव्हा आपण दोघं बघायला गेलो होतो, बाबा. तुम्हीच मला नेलं होतंत. जुनं सागवान स्वस्तात मिळतंय का बघू, म्हणून.

बाबा : आपण गेलो होतो?

लेक : त्यातूनच तर हे स्टूल केलंत. ज्यावर तुम्ही बसलाय.

बाबा : स्टूल आठवतं मला.

लेक : ऑफिसात मी सांगितलं, चूक माझी. नकाशा जुना घेतला गेला. तसं झालंही असेल. कदाचित मीच तुम्हाला जुना नकाशा दिला असेन. शोधला तर सापडत नाहीये. तो नकाशा मी दिला, की तुम्ही नकाशा न बघता मनानेच लिहिलंत, हे आता मला कळायला मार्ग नाही.

बाबा : नकाशा नवा होता.

लेक : काय?

बाबा : तू दिलास तो नवाच होता. मला तो खोटा वाटला. म्हटलं, पोरीच्या ऑफिसने वखारीचा रस्ताच गाळलाय, छापणाऱ्याने घाण केली. मी पेन्सिलने काढून दिला. मनात म्हटलं, बघ, तुला कुणी दुरुस्त करून देणारं आहे.

लेक : मग मला विचारलं का नाहीत?

बाबा : विचारायचं कशाला? मला शंकाच नव्हती. तीच तर भानगड आहे. जिथे शंका येते तिथे मी विचारतो. किराणा आणताना चिठ्ठी नेतो. गॅस बंद केला का, दोनदा बघतो. पण जिथे अगदी पक्कं ठाऊक असतं ना, तिथेच भिंत निघते.

लेक : म्हणजे हे तुम्हाला माहीत होतं?

बाबा : माहीत म्हणजे काय? एक दिवस कळतं, दुसऱ्या दिवशी वाटतं, छे, काही नाही. मागे एकदा सकाळी फिरायला म्हणून निघालो. टाकीपर्यंत गेलो आणि परत फिरलो, तर समोर सगळ्या नव्या इमारती. सगळ्या सारख्या. तीच काच, तेच गेट, तोच वॉचमन बसलेला. मला घरचा रस्ताच दिसेना. उभा राहिलो. एकाला विचारावं म्हटलं, पण काय विचारणार? या भागात निम्म्या बस मी सोडल्या आणि आता विचारू की माझं घर कुठे?

लेक : मग आलात कसे?

बाबा : एक बस गेली. तिचा नंबर बघितला आणि तिच्या मागे चालत आलो. घरी येऊन तुझ्या आईला फोन केला, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या आणि ठेवला. मग बसून विचार केला. गाव बदललं की मी? बदललंय तर दोन्ही. पण त्या सकाळी दोघांपैकी कुणाचं चुकलं, ते कसं काढायचं?

लेक : बाबा, मीही चुकले होते तिथेच. मागच्या महिन्यात. हातात नकाशा होता, फोन होता, तरी एकाच गेटापाशी तीनदा पोचले. शेवटी रिक्षा केली आणि रिक्षावाला मला रस्ता पार करून पलीकडे सोडून गेला.

बाबा : खरं सांगतेस, की मला बरं वाटावं म्हणून?

लेक : खरं. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. त्या भागाची योजना करणारी बाई त्या भागात हरवते, हे कसं सांगणार?

बाबा : हसू नको.

लेक : तुम्हीच हसताय.

बाबा : पण ठमे, फरक आहे. तू चुकलीस तेव्हा कुठे जायचंय ते तुला ठाऊक होतं. मी कधी कधी दुकानात उभा असतो आणि का आलो ते आठवत नाही. मग दूध घेतो. दूध काय, लागतंच.

लेक : आणि मग टाकून देता.

बाबा : सकाळी फ्रिज उघडतो तर आत रांग. मला वाटायचं, या घरात आणखी कुणी तरी राहतोय, मला न विचारता दूध आणणारा. ती रांग बघवायची नाही. आई आली की काय म्हणेल, म्हणून पिशवीत भरायचं आणि गच्च बांधायचं. दिसायला नको. मला काय माहीत की माझीच पोरगी ती ताडपत्रीवर ओतणार आहे?

लेक : मला नको होतं बघायला.

बाबा : रडू नकोस. मुकादमबाईंसमोर रडलीस का?

लेक : नाही. म्हटलं, वासाने डोळ्यांत पाणी आलं.

बाबा : हुशार आहेस.

लेक : काहीच हुशार नाही. मला कळतच नाही, आता आधी काय करायचं. दादाला सांगायचं? आईला सांगितलं तर ती तिकडची बाळंतीण सोडून पहिल्या गाडीने येईल. नाही सांगितलं तर मी तिला फसवतेय. तुम्हाला माझ्याकडे घेऊन जाऊ म्हटलं, तर माझी जागा अकराव्या मजल्यावर. तिथे तर प्रत्येक दार सारखं आहे.

बाबा : तुझ्याकडे मी येणार नाही. ते आजच सांगतो.

लेक : डॉक्टरकडे याल?

बाबा : डॉक्टर म्हणेल, वय झालं.

लेक : म्हणू दे. मग आपण विचारू, वय झालं म्हणजे नक्की काय झालं. एखाद्या गोळीनेही असं होतं म्हणे. अंगात कशाची कमी असली तरी होतं. मला खरंच माहीत नाही, बाबा. उद्या सकाळी मी सुट्टी टाकते.

बाबा : उद्या सुट्टी कशी टाकशील? पुढच्या आठवड्यात ती समितीपुढची योजना मांडायची आहे ना तुला?

लेक : हे बरं आठवतं तुम्हाला.

बाबा : तेच तर म्हणतोय. नको ते आठवतं. समितीचा दिवस आठवतो, तिथल्या तुझ्या साहेबाचा स्वभाव आठवतो. सकाळचं दूध आठवत नाही. असल्या माणसाचं डॉक्टर तरी काय करणार?

लेक : येणार ना पण?

बाबा : येईन. बोलायचं तू. मी बोलायला लागलो तर सगळं छान आहे म्हणून सांगून येईन. माझी खात्री नाही. आईला दोन दिवस काही सांगू नको. डॉक्टरांनी सांगितलं की मग मी स्वतः फोन करीन. तू बाजूला बसायचंस, मी विषय बदलायला लागलो तर खुणावायचंस.

लेक : बरं.

बाबा : आणि त्या फेऱ्या काढून टाक. सगळ्याच. एक खोटी निघाली म्हणजे दुसरीचा भरवसा नाही. त्या भागात माणसं राहतात. गाडी आलीच नाही, तर कचरा दारात साचून राहील. माझ्या हौसेपायी तसं नको.

लेक : मला त्या हव्या आहेत. आमच्याकडे दुसऱ्या कुणालाही असं जमत नाही. फक्त तपासायला हव्यात. पूर्वेची तर नव्यानेच करायची आहे. ड्रायव्हर म्हणालाय, मी गाडी घेऊन येतो, कुणी तरी शेजारी बसा आणि दाखवा. डॉक्टरकडून आलो की दुपारी जाऊ. तुम्ही पुढे, त्याच्याजवळ. मी खिडकीशी.

बाबा : मला घेऊन जाणार? आत्ता एवढं सगळं बोलून?

लेक : हो.

बाबा : आणि मला काही ओळखूच आलं नाही तर?

लेक : तर मला सांगा. लपवायचं नाही, एवढंच.

बाबा : तुलाही नाही आलं तर?

लेक : मग दोघं मिळून ड्रायव्हरला विचारू.