आपोआप कमाई

हाडांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. शेजारच्या बाकावर एक नवरा-बायको होते. तिच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती.

“आत विचारतील, अंगठा कशाने सुजला. काय सांगू?”

“भांडी घासून, म्हणून सांग.”

“भांडी तर तुम्ही घासताय.”

“अगं, हळू बोल.”

“जाहिरातीत काय म्हणता? ‘मी झोपतो आणि पैसे आपोआप येतात.’ झोपता हे खरं आहे. पण येणाऱ्या प्रत्येक मेसेजला उत्तर कोण देतं?”

“लोकांना ते आपोआप आल्यासारखं वाटतं ना? तीच तर आपली सिस्टिम आहे.”

“सिस्टिमला आता पेन धरता येत नाही.”

“थोडी कळ काढ. एकदा जम बसला की...”

“कधीचा बसतोय तो जम. माझ्या शिलाई मशीनवर तुमचा शूटिंगचा दिवा बसलाय, तेवढंच काय ते बसलंय.”

“फोन वाजतोय बघ. कोण आहे?”

“नवीन गिऱ्हाईक आहे. विचारतोय, ‘यात खरंच काही करावं लागत नाही ना?’”

“मग लिही ना पटकन. काहीच करावं लागत नाही.”

“लिहितेय. डाव्या हाताने जरा वेळ लागतो.”