झबल्याची बटणं

हळू, वकीलसाहेब, हळू! पुडी काउंटरवर नका ठेवू — हातातच राहू द्या, नाहीतर सरळ खिशात घाला. बसा ना या स्टुलावर. उघडून दाखवायची गरजच नाही, कळलं मला. काळ्या कोटाची बटणं मागितलीत आणि घरी जाऊन बघता तर शिंपल्याची इवलीइवली पांढरी बटणं, तान्ह्या बाळाच्या झबल्याला लावतात ती. बरोबर? तुम्ही पहिले नाही हो. परवा एक बँडवाला आला, त्याला गणवेशाला पितळी बटणं हवी होती — पितळी! — तोही हीच घेऊन गेला, आणि मजा म्हणजे हसत गेला. तुम्हीही हसतच गेलात, मी शिडीवरून बघत होतो. वरचे डबे काढत होतो, खाली उतरेपर्यंत तुम्ही कोपरा वळलात. कोटाचं माप मात्र ध्यानात आहे माझ्या. ही घ्या तुमची काळी, चार भोकांची, मोठी पुढं लावा, लहान बाहीला. नाही, पैसे कसले, एकदा दिलेत ना.

आवाज तेवढा खाली ठेवा. आरोपी पडद्यामागे चहा पितोय. आमचे वडील — हो, तेच, गळ्यात टेप घातलेले. दुकान त्यांनीच उभं केलं. तुम्ही कापडाचा तुकडा पुढे करायचा, ते तो उंबऱ्यापाशी उजेडात धरायचे आणि मागे वळून न बघता सांगायचे, तिसऱ्या फळीवरचा डावीकडचा डबा. रंग चुकला असं झालंच नाही कधी. माल परत येणं म्हणजे त्यांना कुणीतरी भर रस्त्यात टोपी उडवल्यासारखं. आणि आता हे — अल्झायमर. डॉक्टर म्हणाले, यातून मागे फिरता येत नाही. म्हटलं ठीक आहे, मग पुढं कसं चालायचं तेवढं सांगा. तर ते म्हणाले, हाताला सवयीचं काम असू द्या. आता बटणवाल्याच्या हाताला सवय कशाची असणार?

पण थोरल्या बहिणीला हे पटत नाही. माया आहे तिची फार, पण निकाल देते तुमच्या न्यायाधीशासारखी, अपिलाला जागाच नाही. तिनं बजावलंय, आणखी एका गिऱ्हाइकाची तक्रार कानावर आली की बाबा घरी. लोक हसतात म्हणे त्यांना. आणि ती येईलच एवढ्यात जेवणाचा डबा घेऊन. म्हणजे बघा, ती तक्रार म्हणजे तुम्ही. रागावू नका, माणूस म्हणून तुम्ही चांगलेच आहात — पण तक्रार म्हणून आत्ता नको आहात.

घरी? ठेवून पाहिलं ना! तिच्याकडेच ठेवलं होतं. दोन दिवस शहाण्यासारखे बसले. तिसऱ्या दिवशी आमचे मेहुणे ऑफिसला निघाले, शर्ट चढवला — बटण नाही. दुसरा घेतला — नाही. तिसरा, चौथा, कपाटातले सगळे कपडे, बहिणीचे ब्लाऊज, गाद्यांच्या खोळी, एकाला म्हणून बटण नाही! बाबांनी कात्री घेऊन सगळी अलगद काढली होती, कापडाला कुठे ओरखडा नाही, आणि स्वयंपाकघरातल्या वाट्यांमध्ये मापानुसार लावून ठेवली होती. वर मेहुण्यांनाच विचारतात, बोला, काय दाखवू? मेहुणे त्या दिवशी स्वेटर घालून ऑफिसला गेले. मे महिन्यात! तुम्ही हसताय, मीही हसलो, फक्त बहीण हसली नाही. घरातलं कुणीच त्यांना ओळखीचं वाटत नाही हो, त्यामुळे घर हे त्यांना लांबलेल्या प्रवासातलं हॉटेल वाटतं. दुकान मात्र ओळखतात. फळ्या, डबे, खणाचा आवाज.

मला? मला कशाला ओळखायला हवं? माझं बरं चाललंय की. मला ते रोज सकाळी नोकरीवर ठेवतात. खरंच! मी शटर उघडतो, ते खुर्चीत बसतात, मग मी बाहेर जाऊन परत आत येतो — मालक, काम मिळेल का? मग मुलाखत. डोळे मिटायचे, ते गालाला बटण लावतात. गार लागलं तर शिंपला, नाहीतर प्लास्टिक. शिंग कुठलं, लाकूड कुठलं, बोटानं सांगायचं. कधी कधी नापासही करतात बरं का! म्हणतात, बोटं जाड आहेत, तुला लोखंडाचं दुकान बरं. मग मी मागच्या दारानं जाऊन शर्ट बदलून येतो आणि पुन्हा अर्ज. दुसऱ्या शर्टात मी हुशार दिसतो बहुतेक.

सुरुवातीला मीही सांगायचो. हट्टच धरला होता मी — बाबा, नीट बघा, मी मुलगा तुमचा. तर एकदा त्यांनी माझ्याकडं बघितलं, बराच वेळ, मग उठले, मला पाणी दिलं, तुम्ही बसलाय ना त्याच स्टुलावर बसवलं आणि अगदी हळू विचारलं, काय रे, तुझे वडील सापडत नाहीत का? इथंच बस म्हणाले, येतील ते. आणि दारात जाऊन उभे राहिले. रस्त्यावर माझे वडील शोधत. तेव्हापासून — चहा घेणार? नको? बरं. तेव्हापासून मी नाही सांगत. मालक तर मालक.

हां, ही बटणंच का — ते राहिलंच. तुम्हाला काही बोलले असतील ना देताना? तेच! मुलगा झालाय घरी. पेढे नाहीत तर बटणं. येईल त्याला झबल्याची बटणं, तुमच्याही घरी उपयोगी पडोत म्हणून. त्यांच्या हिशेबी बाळाला आठवडासुद्धा झालेला नाही. हात धुतल्याशिवाय बाळाला शिवू देत नाहीत कुणाला. आणि वकीलसाहेब, त्यांना मुलगा असा मी एकुलता एक — आता ह्या टकलाकडं बघून हसू नका, होतो की मीही तान्हा! मग काय सांगितलं तुम्हाला? रडतो फार, हे सांगितलं? नाही? बोटं? बोटं सांगितली! बोटं लांब आहेत, बटणं ओळखेल. असंच म्हणाले? कारण मला — म्हणजे मुलगा म्हणून मला — असं कधी काही बोलले नव्हते हो. त्या काळी कोण बोलतं? आता मात्र नव्या नोकराला बसवून मुलाचं कौतुक ऐकवतात. मी काही मुद्दाम विचारत नाही. कधीतरी आपलं, सहज, मालक, बाळ कसंय? — बरं, रोज विचारतो. तुम्ही लोक उलटतपासणी न करताही काढून घेता माणसाकडून.

म्हणून म्हणतो, घरी नका ठेवू त्यांना. घरी गेले तर मला नोकरीवर कोण ठेवणार?

ये ताई. ठेव डबा तिकडे. काही नाही गं, हे वकीलसाहेब, नेहमीचं गिऱ्हाईक. तक्रार? कसली तक्रार! सहज — अं — या मालक. झाला चहा? पुडी? कुठली पुडी? ती… साहेबांच्या हातातली ना, ती त्यांनी — ते परत नाही करायला आलेले, मालक, ते —

काय म्हणालात, वकीलसाहेब? कमी पडली?

ऐकलंत मालक? साहेबांना अजून हवीत. हीच, याच मापाची. ताई, ऐकलंस ना? कमी पडली म्हणतायत. काढतो मालक. हो, खालचा खण. हो, गाठ पक्की मारतो. अभिनंदन म्हणतायत साहेब तुमचं. कोण, मी? मी येऊ बाळाला बघायला? घरी? येईन की. आज संध्याकाळी? येतो, मालक. हो. हो, हात धुऊन येईन.

ही घ्या पुडी, वकीलसाहेब. आणि निघा आता — उगाच दारात गर्दी होतेय.