ढगातली उंची

“पोरी, झाकली मूठ सव्वा लाखाची.” कानतपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर तिच्या मनात आईचा जुना आवाज घुमत होता. शेजारी नवरा, रडारसमोर बसून विमानांना उंची सांगणारा.

“आत गप्प बस हं. माझी नोकरी या तपासणीवर आहे.”

“ढगात वैमानिकाला काहीच दिसत नाही ना हो?”

“काही नाही. मी सांगितलेली उंची तो परत म्हणतो, मग मी ‘बरोबर’ म्हणतो.”

“आणि तो चुकीचं म्हणाला तर?”

“पकडतोच! नाहीतर दोन विमानं एकाच उंचीवर यायची. घरीसुद्धा तुझ्याकडून सगळं परत वदवून घेतो की नाही?”

“अहो, महिनाभर मी मुद्दाम उलटंच म्हणतेय. तुम्ही दर वेळी ‘बरोबर’ म्हणता.”