कोरफडीचे हात

माहं माहेर उमरेडचं, बाई. बाप कोष्टी, सासरा कोष्टी, नवराबी कोष्टी. मागाची खटखट ऐकतच मी लहानाची मोठी झाली अन् लगीन होऊन नागपुरात आली तं इथंबी तेच. सुताचं काम सोडून आपल्याले दुसरं काही करा लागन असं कोनाच्या मनात होतं? पन मिलचं कापड आलं, आमच्या लुगड्याले गिऱ्हाईक राहिलं नाई, अन् घरचा माग बंद पडला. आमचे हे नुसते त्या मागापाशी बसून राहत, बोलत नाई का चालत नाई. घरचा मानूस बोलत नाई ना, तं घर खायाले उठते.

धरमपेठेत एक वैद्यबुवा होते, त्याईच्या वाडीत औषधं बनत, तिथं बाया पायजे होत्या, मंग मीच लागली कामाले. काम कोरफडीचं. तुमी म्हनसान त्याच्यात काय, पान कापलं अन् रस काढला. नाई हो. पान बुडातून कापाचं अन् घमेल्यात उभं ठेवाचं, म्हंजे त्याच्यातून पिवळा चीक गळते. तो चीक जहर कडू, पोटात गेला तं जुलाब. तो सारा गळला का मंग पान धुवाचं, काटे काढाचे, साल सोलाची, अन् आतला गर चमच्यानं खरवडाचा. गर असा बुळबुळीत का हातात ठरत नाई, अन् चव म्हनसान तं काहीच नाई, जसं कच्च्या काकडीचं पानी. तो पुन्हा धुवाचा, फडक्यातून गाळाचा, मंद आचेवर आटवाचा. वैद्यबुवा चमचाभर चाखत, अन् तोंड वाकडं झालं का म्हनत, बाई, चीक राहिला.

आता काय सांगू तुमाले, रसातला कडूपना जाये पन माह्या हातातला जाये नाई. नखाईत बसला, भेगाईत बसला. राखेनं घासले, चिंचेनं घासले, काही नाई. भाकर थापली तं भाकर कडू, भात कालवला तं भात कडू. मी मोठी, मी गिळो. पन माही मंदा, नुकती बोलाले लागली होती, घास तोंडात घातला का थुंकून टाके, म्हने आई, तुहा हात कडू. सासूले डोळ्यानं दिसे नाई, तिच्यानं सयपाक होये नाई. पोरगी वाळत चालली. सासू म्हने, सोड वं ते काम, लेकरू जाईन. मी म्हनलं, सोडते, पन मंग चुलीवर ठेवाचं काय? अन् पदर तोंडाले लावून रडली. हे मागापाशी बसून सारं ऐकून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आली, पाह्यते तं काय, हे चुलीपुढं बसले. डोळे धुरानं लाल, परातीत पीठ, भाकरीचे तुकडे तुकडे झालेले. अन् मंदा त्याईच्या मांडीवर बसून वरनात बुडवलेला तुकडा खाऊन राहिली. मी दारातच उभी राहिली, हात पाठीमागं घेऊन. हे म्हने, पाह्यतं काय, बस, जेव. त्या काळात मानसानं भाकरी थापनं म्हंजे साऱ्या कोष्टीपुऱ्याले तमाशा. ओट्यावरचे लोक इचारत, काय गा, आज भाजीले फोडनी देल्ली का? हे म्हनत, देल्ली, येतं का जेवाले? हळूहळू हात बसला, मंग हिंगण्याच्या एका कारखान्याच्या कँटीनीत आचारी लागले, घर उभं राहिलं, अन् मानूस पुन्हा बोलाले लागला.

वैद्यबुवा गेल्यावर माहं काम सुटलं. हाताचा कडूपना जायाले किती दिवस लागले, मी मोजलं नाई. मंदा आता हुडकेश्वरले देल्ली, तिले लेकरू आहे. माहेरी आली का अजूनबी म्हनते, बाबा, भाकरी तुमीच करा. मी केली तरी खाते, नाई असं नाई, पन मागत नाई. मले वाईट वाटत नाई. खोटं काहून सांगू, थोडंसं वाटते. पन पोट भरून जेवते ना पोरगी, मंग कोनाच्याबी हातचं असो. साऱ्याईच्या लेकराईले असंच मिळो, बाई.